क्रॉसिंगवरचा ‘या’

“माझे दोन्ही पाय फुटपाथवर आले, की मग तुमचं चाक हलणार. तोवर नाही!” काका हे प्रत्येक गाडीवाल्याला सुनावायचे. गोऱ्याला इंग्रजीत, पंजाब्याला हिंदीत आणि माझ्यासारख्याला खणखणीत मराठीत.

कॅनडात ओकव्हिलला माझ्या मुलीच्या शाळेच्या कोपऱ्यावर ते मुलांना रस्ता पार करून देणारे क्रॉसिंग गार्ड होते. असा कुणीतरी तुम्हीही पाहिला असेल. झगझगीत जॅकेट, हातात ‘स्टॉप’ची पाटी आणि सगळा रस्ता आपल्याच बापाचा असल्याचा थाट. आयुष्यभर इंजिनिअर म्हणून नोकरी केलेला माणूस हे काम का करतो, असं मी एकदा विचारलं. “रिटायर झाल्यावर मी किचनमधल्या डब्यांना लेबलं लावायला लागलो,” काका म्हणाले. “तेव्हा बायकोनेच माझ्या नावाने अप्लाय केलं.”

एकदा मुलं पार होताच एका मराठी गृहस्थाने गाडी दामटली. काकांनी पाटी आडवी धरून त्याला अडवलं. “मुलं गेली, पण मी अजून रस्त्यावर आहे ना? मी काय खांब वाटलो? कायदा आहे, सगळे रस्त्यावरून हटेपर्यंत थांबायचं!” गृहस्थ म्हणाला, “अहो काका, आपणच आपल्या माणसांना...” काकांनी नंबर टिपून घेतला आणि खरंच पोलिसांना कळवला. मला तेव्हा फार मजा वाटली होती.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. काकांची पाटी वर, आणि सगळ्यात पुढे माझी गाडी. त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून मी काच खाली केली होती. नागपूरहून आलेल्या एक आजी नातवाला घेऊन पलीकडे पोचल्या आणि वळून म्हणाल्या, “येते हं!”

काका अजून रस्त्याच्या मधोमध होते. निरोप देताना आपण म्हणतो तसं तेही म्हणाले, “या!”

मी फोनवर ऑफिसचा मेसेज वाचत होतो. कानावर ‘या’ पडलं आणि ब्रेकवरचा पाय निघाला. दुसऱ्या कुणा गाडीवाल्याला तो शब्द कळलाच नसता. मला कळला, तोही उलटा.

काका दचकून मागे सरले आणि ओल्या पानांवरून घसरून पडले. गाडी लागली नाही, पण त्यांचं मनगट मोडलं.

पोलीस आला. काकाच कण्हत म्हणाले, “आय टोल्ड हिम टू कम. माय मिस्टेक.” पोलिसाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. होय, डोलावली! पाटी वर होती, काका रस्त्यात होते आणि माझं लक्ष फोनमध्ये होतं, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता?

रस्त्यात उभं राहून गाडीला बोलावणारा गार्ड कोण ठेवणार? त्यांचं काम गेलं. हे मला आठवड्याने कळलं. मग मी फळं घेऊन त्यांच्या घरी गेलो. आत बसल्याबसल्या बोलून टाकलं.

“काका, मला वाटलं तुम्ही मलाच ‘या’ म्हणालात...”

“फोन बघत होतात तुम्ही,” ते शांतपणे म्हणाले. “पाहिलं मी.”

“मग पोलिसाला सांगितलं का नाही?”

“तुमचं पीआर अजून व्हायचंय ना? इथं कायमचं राहायची परवानगी मिळायच्या आधी उगाच काही निघालं तर? एरवी मी कुणाची गय करत नाही. त्या दिवशी केली.” प्लास्टरमधला हात त्यांनी मांडीवर नीट ठेवला. “पण मला वाटलं होतं, तुम्ही स्वतःच सांगाल.”

“उद्याच सांगतो, काका. लेखी देतो,” मी म्हणालो. मनापासून म्हणालो होतो.

दिलं नाही. आधी ऑफिसची डेडलाइन होती, मग पीआरचे कागद यायचे होते, मग ते आले. थंडी सुरू व्हायच्या आत काका-काकू ब्रॉसार्डला, म्हणजे इथल्याहूनही कडक थंडीच्या गावी, मुलीकडे राहायला गेले. निरोप घ्यायला मी गेलो नाही. कुठल्या तोंडाने जाणार?

आता कोपऱ्यावर एक तरुण बाई पाटी धरते. काल माझ्या मुलीने गाडीत विचारलं, “बाबा, व्हाय डिड पाटीवाले आजोबा लीव्ह?”

“थंडी सोसवेना त्यांना,” मी म्हटलं.