विहीणबाईंचा पिवळा रस्सा

विहीणबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. सकाळची वेळ होती, मागच्या अंगणातला बर्फ अजून वितळला नव्हता. माझी सून लुसिया टेबलाशी बसून फोनवर तिच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये बोलत होती. तिचा आवाज आधी चढला, मग अगदी बारीक झाला, आणि ती खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर बसली... मला स्पॅनिश येत नाही, पण त्यातलं ‘मामा’, म्हणजे आई, एवढं मला कळलं. विहीणबाई पेरू देशात अरेकिपाला आपल्या बहिणीकडे गेल्या होत्या. बहीण सकाळी उठवायला गेली तर त्या उठल्याच नाहीत. पुढच्या आठवड्यात त्या परत यायच्या होत्या. त्यांच्यासाठी मी कच्च्या फणसाचे डबे आणून ठेवले होते. लुसिया आणि माझा मुलगा महेश त्याच दिवशी विमानानं गेले, मी घरीच राहिले. त्यामुळे शेवटचं दर्शन मला झालं नाही. म्हणून असेल, पण त्या गेल्या असं अजून वाटत नाही. परगावी गेल्यात आणि तिथं जरा जास्तच रमल्यात, असं वाटतं.

आम्ही मूळचे इचलकरंजीचे. लिंगायत, घरात अंडंसुद्धा चालत नाही. यजमान वारले आणि महेशनं मला इकडे मिशिगनमध्ये नोव्हायला आणलं. तो मोटारीच्या भागांची डिझाइन करतो, लुसियाही त्याच ऑफिसात. दोघांचं लग्न इथंच झालं. मी आले त्याच्या आसपास लुसियानं आपल्या आईलाही आणलं, त्याही एकट्याच पडल्या होत्या. अशा आम्ही दोघी विहिणी एका घरात राहायला लागलो. इचलकरंजीत कुणाला सांगितलं तर ते आधी हसत आणि मग काळजीच्या सुरात विचारत, “अगं बाई, आणि मानपान?” मानपान कसला, पहिल्या आठवड्यात त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, मीही नाही. बोलणार कशात? त्यांचं नाव एल्सा, पण मी त्यांना विहीणबाईच म्हणायची. त्या मला कोन्सुएग्रा म्हणायच्या. त्याचा अर्थही विहीणच. महेशनं सांगितलं, “आई, इंग्लिशमध्ये या नात्याला वर्डच नाही.” तेव्हा आम्ही दोघी पहिल्यांदा एकत्र हसलो. एवढा मोठा देश, आणि विहीण नाही!

लुसियानं आईला आधीच सांगितलं होतं, की महेशची आई आहे तोवर घरात मांस शिजवायचं नाही. त्यावर त्या जे म्हणाल्या ते महेशनं मला हसत हसत सांगितलं, “त्या म्हणतायत, बटाटा आमचा, टोमॅटो आमचा, मिरचीसुद्धा आमच्याकडूनच तुमच्याकडे गेली. एक मांस नसलं तर काय अडलं?” आणि त्यांनी खरंच काही अडू दिलं नाही. त्यांच्याकडे लोमो साल्तादो म्हणून एक पदार्थ करतात. कांदा, टोमॅटो आणि गाईच्या मांसाच्या पट्ट्या, मोठ्या आचेवर भराभर परतून. विहीणबाई मांसाऐवजी अळिंबी आणि वांगं घालायच्या, वर सोया सॉस आणि व्हिनेगर टाकलं की कढईतून असा जाळ उठायचा की मी मागं सरायची. मग त्यात तळलेले बटाटे मिसळायचे आणि शेजारी भात. बटाटा आणि भात एका ताटात, हे मला पहिल्यांदा विचित्रच वाटलं. काउसा म्हणजे कुस्करलेला बटाटा लिंबू आणि पिवळी मिरची घालून मळायचा आणि त्याच्या थरांमध्ये ट्यूना मासा भरायचा. त्या ॲव्होकाडो भरायच्या. उरलेला भात आणि उसळ एकत्र परतून खरपूस थालीपीठ केल्यासारखं करतात, त्याला ताकू ताकू म्हणतात. ते मी पाहिलं मात्र, मला आमच्या घरचा सकाळचा फोडणीचा भात आठवला. मी म्हटलं, “हे आमच्यातपण आहे हो!” त्यांनी स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हटलं. त्याही तेच म्हणाल्या असाव्यात.

घरात दिवसभर आम्ही दोघीच. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, मी माझ्या. काही अडायचं नाही. मी आयुष्यात कुणाशी फारसं बोललेली बाई नाही, चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण विहीणबाईंना काही कळणारच नाही म्हटल्यावर मी त्यांना सगळं सांगायची. यजमानांचं आजारपण, माझी धाकटी जाऊ, महेशच्या वेळचं बाळंतपण. त्या कांदा चिरता चिरता मान हलवायच्या, मध्येच “आय, आय...” म्हणायच्या. जिथं म्हणायला हवं नेमक्या तिथंच म्हणायच्या.

आणि मग ते खोक्याचं प्रकरण झालं. एका दुपारी बाजारातून आलेल्या पिशव्या मी रिकाम्या करत होते. विहीणबाई रोजच्या सूपमध्ये, भातात, रश्श्यात ज्या खोक्यातून पाणी ओतायच्या, तसलं नवं खोकं हातात आलं. नेहमी ते फ्रिजच्या दारात पाठमोरं असायचं, त्यावर गाजरं आणि पानं दिसायची. आज ते समोरून पाहिलं, तर कोपऱ्यात एक छोटीशी कोंबडी. मी त्यांना कोंबडी दाखवली. त्या प्रसन्न हसल्या, “सिन कार्ने, सिन कार्ने!” म्हणजे यात मांस नाही. मग माझं तोंड बघून त्यांनी लुसियाला फोन लावला. फोनवर लुसिया एवढ्यानं ओरडली की मला इथं ऐकू आलं. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं. त्यांच्याकडे कोंबडीचं नुसतं पाणी म्हणजे पाणीच, ते मांसात धरत नाहीत. आजाऱ्याला देतात, बाळंतिणीला देतात, मांस सोडलेल्यालाही देतात. मी डोक्यावरून अंघोळ केली, लिंगपूजेला बसले. बाहेर आले तर विहीणबाई दाराशी जमिनीवर बसलेल्या, डोळे लाल. मी त्यांना हाताला धरून उठवलं. दुसरं काय करणार? सहा-सात महिने त्यांनी ते मला मायेनं भरवलं होतं.

रविवारी त्या चर्चमध्ये गेल्या आणि पाद्रीबाबांपुढे त्यांनी पापाची कबुली दिली, की मी एका हिंदू बाईला कोंबडी पाजली. लुसिया सांगत होती, पाद्रीबाबांना हसू आवरेना. देवानं माफ केलंय, असं ते म्हणाले. पण विहीणबाईंना ते पटलं नाही. त्यांनी स्वतःच ठरवलं, की तशीच चव कोंबडीशिवाय आणून दाखवीन, तोवर मीही कोंबडी खाणार नाही. त्यातही त्यांना एकच पदार्थ जमवायचा होता, अही दे गायिना. अही म्हणजे मिरची आणि गायिना म्हणजे कोंबडी. पिवळ्या मिरचीच्या दाट रश्श्यात कोंबडीचे दोरे, सणावाराला करायचा पदार्थ. लुसिया त्यांना चिडवायची. महेश मला सांगायचा, “ती म्हणतेय, मामा, गायिना काढली तर राहतं काय, नुसती मिरची? मग मिरचीच दे ना प्लेटमध्ये!”

कोंबडीची जागा फणसानं घेतली, आणि ते माझ्यामुळे झालं. भाजी करायला म्हणून मी देशी दुकानातून कच्च्या फणसाचा डबा आणला होता. वाफवलेली फोड विहीणबाईंनी बोटात धरून दाबली, तर तिचे दोरे सुटले. “गायिना!” त्या ओरडल्या, मला मिठी मारली, आणि माझी भाजी राहिलीच. दूध-पावाचा लगदा, शेंगदाण्याचं कूट, पिवळी मिरची, सगळं जमलं. पण पाणी जमेना. त्यांनी भाजलेल्या कांद्याचं पाणी केलं, दाणे काढलेल्या मक्याच्या बुरखुंड्यांचं केलं, अळिंबीच्या देठांचं केलं. प्रत्येक वेळी चमचा तोंडात घालून डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, “फाल्ता...” म्हणजे काहीतरी कमी आहे. मला सगळंच चांगलं लागायचं. पण मी ती खरी अही दे गायिना कधी खाल्लेलीच नव्हती, मी काय सांगणार?

होळीला मी पुरण घातलं. हरभऱ्याची डाळ शिजवली आणि आमटीसाठी वरचा कट चाळणीतून पातेल्यात काढला. विहीणबाई शेजारीच होत्या. सवयीनं त्यांनी त्यात चमचा घातला. डोळे मिटले. मग उघडले, आणि माझ्या हातातलं पातेलंच काढून घेतलं. त्या दिवशी आमच्याकडे पुरणपोळी झाली, पण कटाची आमटी झाली नाही. सगळा कट अही दे गायिनात गेला. रस्सा असा पिवळाधमक आणि दाट झाला की चमच्यावरून खाली येईना. जेवताना विहीणबाईंनी मला वाढलं, पुन्हा वाढलं, मी हातानं ताट झाकलं तर बोटांवर वाढलं. विहिणीला आग्रह कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवलं होतं, देव जाणे. पुढं आमच्या घरात पुरण घातलं की सगळ्यांना पोळीआधी त्या रश्श्याचीच आठवण व्हायची. कोंबडीच्या उपासातून त्या मोकळ्या झाल्या होत्या, पण कोंबडीची अही दे गायिना काही त्यांनी परत कधी केली नाही.

लुसिया अरेकिपाहून परतली ती स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. ऑफिसातून यायची, वर खोलीत जायची. मी ताट वर नेऊन द्यायची, ते तसंच खाली यायचं. त्यांच्यात माणूस गेल्यावर महिन्यानं चर्चमध्ये प्रार्थना करतात आणि मग ओळखीच्या लोकांना घरी जेवण देतात. त्या जेवणात अही दे गायिना पाहिजेच, असं तिनं महेशला सांगितलं आणि वर हेही सांगितलं, की आपण हॉटेलातून मागवू, खरी, कोंबडीची. तिच्या आईचं जेवण, ती म्हणेल ते. जेवायला येणारे लोकही त्यांच्याकडचेच होते, त्यांना खरी चव मिळायला हवी, हेही बरोबरच होतं. महेशनं मला विचारलं, “आई, घरात कोंबडी येईल. चालेल ना तुला?” मी म्हटलं, “येऊ दे रे.” पण मनातून मी अगदी रिकामी झाले. मला वाटलं, आम्ही दोघींनी इतकी खटपट करून जे केलं ते शेवटी माझ्यापुरतंच होतं. एका शाकाहारी विहिणीची सोय. विहीणबाईंचं म्हणून जे आठवायचं ते वेगळंच, आणि ते मला माहीतही नाही.

तरी जेवणाच्या दिवशी सकाळी मी डाळ शिजत लावली. कुणाला सांगितलं नाही. फणसाचा डबा फोडला, दोरे सोडवले, पाव दुधात भिजवला. रस्सा झाला तेव्हा चमच्यात घेतला आणि तशीच उभी राहिले. चांगला लागत होता, पण बरोबर होता का? ते सांगणारी जीभ एकच होती. त्या असत्या तर डोळे मिटून क्षणभर मला टांगून ठेवलं असतं... मी शेगडी बंद केली, पातेल्यावर झाकण घातलं आणि ते मागं सरकवून ठेवलं.

चर्चमधली प्रार्थना उरकून लोक आले, हॉटेलातलं जेवण आलं, ताटं भरली. मी स्वयंपाकघरातच होते. मला तिथंच बरं वाटतं. थोड्या वेळानं लुसिया आत आली. पाणी घ्यायला आली असं मला वाटलं. तिनं वास घेतला, इकडे तिकडे पाहिलं, मागचं पातेलं ओढलं आणि झाकण काढलं. मग डाव घेऊन पातेल्यातूनच, उभ्या उभ्या खायला लागली. काळा ड्रेस, डोळ्यांतलं पाणी गालावर, आणि भराभर खाते आहे. पंधरवडाभर ज्या पोरीनं धड घास घेतला नव्हता, ती. मी घाईनं भात वाढून दिला, तर भातही घेतला. महेश तिला शोधत आला आणि दारातच थांबला. ती त्याला काहीतरी म्हणाली. तो मला सांगताना अडखळला.

“आई, ती म्हणते, हॉटेलातलं खाल्लं तर तिला ते कुणा परक्या घरचं वाटलं. कोंबडीचं कसं लागायचं ते ती विसरूनच गेलीय. मामाच्या हातचं म्हणजे आता हेच, म्हणते.”

मी लुसियाच्या हनुवटीवर लागलेला रस्सा पदरानं पुसला. तिनं माझा हात तसाच गालाशी धरून ठेवला. बाहेरून कुणीतरी तिला हाक मारत होतं, ती गेली नाही.

आता दर शनिवारी लुसिया माझ्याकडून शिकते. डाळ किती शिजवायची, कट कधी काढायचा, मिरची तेलात किती वेळ परतायची. तिला मराठी थोडं येतं, मला स्पॅनिशचे चार शब्द. चालतं आमचं. फक्त एक आहे. आमच्या शेगडीला चार बर्नर आहेत. डावीकडचे दोन विहीणबाईंचे आणि उजवीकडचे दोन माझे, असं काही ठरवलं नव्हतं, तशी सवय पडून गेली होती. मी अजून उजव्याच दोनांवर सगळा स्वयंपाक करते, आणि लुसियाही माझ्याच बाजूला येऊन उभी राहते. एकावर डाळ, एकावर भात, आणि रश्श्याला जागा नसते. महेश म्हणतो, “अगं आई, पलीकडचे दोन रिकामेच आहेत की, लाव ना.” मी हो म्हणते... आणि भात होईपर्यंत आम्ही दोघी थांबून राहतो.