काचेवरचं नाव

माझा धाकटा भाऊ मिलिंद गेल्याचं मला एका मोटारीच्या व्हिडिओतून कळलं. सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं, फोन वाजला म्हणून पाहिलं, तर एक काळी बुटकी गाडी रिकाम्या रस्त्यावर सुसाट वळणं घेतेय, मागे धडधड संगीत, आणि कोपऱ्यात गोल चौकटीत माझा भाऊ हसतोय. खाली जोडलेले हात आणि 'मिस यू मिलिंदभाई'. त्याची मुलगी प्रज्ञा त्याच वेळी स्कूटरवरून माझ्याकडे यायला निघाली होती. आमच्यात अशी बातमी फोनवर सांगत नाहीत, घरी जाऊन, जवळ बसून सांगतात. ती दारात पोचली तेव्हा मी गॅससमोर फोन धरून उभी होते, आणि पोरीला काही बोलावंच लागलं नाही. त्या व्हिडिओची तेव्हा आलेली किळस अजून गेलेली नाही. हे वाचून कुणाला मी कडवट वाटले तर खुशाल वाटू दे.

आमचे वडील धुळ्याकडून सुरतेला मिलमध्ये आले आणि तिथेच, उधन्यात, राहिले. मी शिकले, म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिक्षिका झाले. मिलिंदचं लक्ष पुस्तकात कधी नव्हतंच. घरासमोरून ट्रक गेला की हा पोळी हातात घेऊन बाहेर, आणि त्याच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा आवाज ऐकून आत येऊन सांगणार की मागचा उजवा पाटा तुटलाय. पुढे घराच्या खालीच त्याने गॅरेज काढलं, तेही फक्त सस्पेन्शनचं. इंजिन कुणीही बघेल, मी गाडीचे पाय बघतो, असं तो ऐटीत सांगायचा. ऐट भारी होती त्याला. काम झालं की मागच्या काचेवर 'मिलिंद सस्पेन्शन' असं स्वतःच्या नावाचं स्टिकर लावायचा आणि तळहाताने असं गुळगुळीत करायचा, की मी म्हणायचे, "अरे, गाडी त्याची आहे, तुझी नाही." त्यावर तो नुसता हसायचा...

या गाड्या खाली करून घेण्याच्या हौसेची मला पहिल्यापासून शिसारी आहे. आमच्या गल्ल्यांत गटाराची झाकणं रस्त्याच्या वर आलेली, प्रत्येक वळणावर स्पीडब्रेकर, आणि यांना गाडी जमिनीला पोट घासेल इतकी खाली हवी! कशासाठी, तर फोटोत बरी दिसते. असली मंडळी मिलिंदकडे पार कडोदऱ्याच्या पलीकडून यायची. केतनभाई त्यातलाच. कापडाचा व्यापारी, भारी विलायती गाडी. मिलिंदचं डायलिसिस सुरू झालं होतं तेव्हा हा त्याच्याकडे इलेक्ट्रॉनिक कॉइलओव्हरचा खोका घेऊन आला. मिलिंदने मला मुद्दाम वरून खाली बोलावलं. लग्नाचा शालू उघडावा तसा त्याने तो खोका उघडला. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकातच, अंगावर आटे, डोक्यावर छोटी मोटर. आत बसून बटण दाबलं की गाडी नरम किंवा कडक होते. मी म्हटलं, "बटणाने खड्डे बुजतात का?" तो म्हणाला, "हात धुई येस ताई, मंग शिव्या दे."

नरम-कडक बटणावर होतं, पण गाडीची उंची हातानेच ठरवायची होती, आट्यांवरची कडी पान्याने फिरवून. आणि उंची ठरवायची मिलिंदची रीत सगळ्यांपेक्षा वेगळी होती. रिकाम्या गाडीची उंची तो धरायचाच नाही. गाडी कामाला घेताना मालकाला विचारायचा, घरात कोण कोण आहे, मागे कोण बसतं. मग मार्केटमधून आणलेले डागी कापडाचे ताके, वजन करून शिवलेले, तो सीटवर माणसांसारखे बसवायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा. केतनभाईला हसू आवरेना. "मागे कोण बसणार, मम्मी आणि वाइफ," म्हणाला. मिलिंदने दोन ताके मागे ठेवले, एक पुढे, आणि चाक वर उचललं गेलं तरी मडगार्डला लागणार नाही इतकी जागा सोडली. केतनभाईला टायर मडगार्डच्या आत गडप झालेलं हवं होतं. मिलिंद नाही म्हणाला. कडी आवळली, स्टिकर लावलं, आणि केतनभाई तोंड वाकडं करून गाडी घेऊन गेला. मला मिलिंद म्हणाला, "खाली करनं सोपं शे ताई. मांगे कोन बठस, ते कोनी सांगत नही."

नंतर मिलिंद दवाखान्यातच राहिला. केतनभाई भेटायला आला, सफरचंदं घेऊन. पलंगाशेजारी बसून तो बोलला ते फक्त गाडीबद्दल. कडक केली की वळणावर कशी रुळावरून जाते, कुणाची गाडी कशी मागे पडली. हातात सुई, तोंड सुजलेलं, अंगाला औषधांचा वास, आणि आमचा भाऊ तरीही डोळे मोठे करून ऐकतोय, विचारतोय, पुढून आवाज येतो का? मला त्या दोघांचाही इतका तिटकारा आला की मी व्हरांड्यात निघून गेले. माणूस मरायला टेकलाय आणि यांना शॉकॲब्सॉर्बर सुचतायत! मिलिंदला मात्र त्या दिवशी जेवण गेलं, हेही खरं.

जलदान विधीला मंडळी जमली. घरासमोर मांडव, धम्मवंदना झाली, आणि मग केतनभाई आई आणि बायकोला घेऊन आला. गल्लीच्या तोंडाशीच गाडीचं पोट गटाराच्या झाकणाला घासलं आणि सगळ्यांनी माना वळवल्या. व्हिडिओतली काळी गाडी हीच, पण मिलिंदने करून दिलेली म्हणून ती ओळखू येत नव्हती. मिलिंद दवाखान्यात असताना याने दुसरीकडे नेऊन कड्या पार खाली फिरवून घेतल्या होत्या. टायर मडगार्डमध्ये गडप. वर मागच्या काचेवर तेच स्टिकर, आणि त्याखाली सोनेरी अक्षरांत नवीन ओळ: 'मिलिंदभाईचं शेवटचं काम'. श्रद्धांजलीला उभा राहून केतनभाई म्हणाला, "मिलिंदभाई तो अमारा घरना माणस हता," आणि त्याच्या आठवणीत सगळ्या गाड्यांची हजीरा रोडवर रॅली काढू म्हणाला. काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मिलिंदची बायको सुनंदा पांढऱ्या साडीत खाली मान घालून बसली होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

निघताना केतनभाईची आई आणि बायको मागच्या सीटवर बसल्या. आई भारी शरीराची, बिचारी आमच्यासोबत मनापासून रडलेली. गाडी हलली, गल्लीतल्या पहिल्याच खड्ड्यात मागचं चाक वर गेलं आणि मडगार्डला घासून रबराचा असा करकरता आवाज आला की अगरबत्तीचा वास जाऊन जळक्या रबराचा वास पसरला. रस्त्यावर वेगात असताना हेच झालं तर टायर फुटेल, हे कळायला गॅरेज चालवावं लागत नाही. आणि फुटलं, तर लोक काचेवरचं नाव वाचतील.

सुनंदा उठली. ज्या बाईला दोन दिवस आम्ही हाताला धरून जेवायला बसवत होतो, ती अनवाणी गाडीसमोर जाऊन उभी राहिली. "केतनभाई, गाडी बंद करो. मम्मीने उतारो." आईला उतरवा म्हणते म्हणजे आईचं काही राहिलं असेल असं त्याला वाटलं, म्हणून तो हसत उतरला. तिने टायरकडे बोट केलं. गुजरातीतच, आवाज न चढवता म्हणाली की उद्या गाडी घेऊन या, त्यांनी ठेवली होती तेवढी उंच करवून देते, नाहीतर हे नाव काढा.

केतनभाईने गाडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "भाभी, ऊंची करीए तो लुक बगडी जाय."

आणि त्याने नाव काढलं, स्टिकरही आणि खालची सोनेरी ओळही. मांडवातली सगळी माणसं बघत असताना, मागच्या काचेपाशी वाकून, नखाने. माझ्या भावाचं नाव चिंध्याचिंध्या होऊन निघत होतं आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी मोकळं वाटत होतं. काढ बाबा, एकदाचं काढ, असं मी मनात म्हणत होते. त्याची आई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. परत गाडीत बसली नाही. मला म्हणाली, "बेन, रिक्षा बोलावो." मी रिक्षा बोलावली, सून तिच्यासोबत गेली.

काचेवर गोंदाचा चौकोन उरला होता आणि त्यात 'मिलिंद' अजून अंधुकसं वाचता येत होतं. केतनभाई दार उघडून बसणार, तर सुनंदा म्हणाली, थांबा. गॅरेजचं शटर तिने अर्धंच उचललं, वाकून आत गेली आणि मिलिंदचं हात पुसायचं फडकं पेट्रोलमध्ये बुडवून घेऊन आली. तो दवाखान्यात गेल्यापासून ते खुंटीवर तसंच होतं, त्याच्या बोटांचे काळे ठसे असलेलं. त्याच फडक्याने तिने ती काच पुसली. एक अक्षर उरू दिलं नाही. मग फडकं पिळलं, झटकलं, आणि परत नेऊन खुंटीला लावलं.