बाटलीवरची जुनी पट्टी

गोजराबाईच्या पायाला भिंगरी. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा नवऱ्यामागोमाग ती नगरहून बोईसरला भाड्याच्या खोलीत आली, आणि आल्या दिवसापासून तिला एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नाही. भात चुलीवर, धुणं हातात आणि जीव विहिरीवर!

सदुसष्ट साली तिला खोकला झाला. दवाखान्यात तेव्हा बाटली आपली आपणच न्यायची. कंपाउंडर औषध भरून वर कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. एक खूण म्हणजे एक डोस. बाई बरी झाली आणि तिची दोन वर्षांची लेक शालू खोकायला लागली. तीच बाटली विसळून बाई दवाखान्यात हजर.

"लहान चमच्याने एकच चमचा," कंपाउंडरने बजावलं. "आणि ही मोठ्यांची पट्टी घरी जाऊन खरवडून काढा."

पट्टी काही निघेना. "मला ठावं हाय की," म्हणत बाईने बाटली तशीच फळीवर ठेवली. एवढी शहाणी!

दुपारी शालूला शेजारच्या सुलूकडे सोपवून, "खोकली तर औषध पाज," एवढंच सांगून ती पाण्याला गेली. परतली तर शालू गाढ झोपलेली. हलवलं, उठेना. फळीवरची बाटली एक खूण रिकामी.

"किती पाजलंस गं?"

"पट्टीवर हाय तेवढंच, गोजरावयनी! जास्त नाय!"

एका हातात पोर, दुसऱ्या हातात बाटली, बाई धावत सुटली.

"बाटली आणलीत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "तोंडात काही घालू नका." ते शालूचे श्वास मोजत बसले. गोजराबाई दारापासून बाकापर्यंत, बाकापासून दारापर्यंत. सुलूला द्यायच्या शिव्या ओठांवर येत होत्या, आणि नख मात्र आपोआप त्या पट्टीवर जात होतं. आता ती कागदाची चिंधी सुटत होती. पोर गेली असती तर तिने स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

दिवेलागणीला शालूने भोकाड पसरलं. बाईनेही.

दुसऱ्या दिवशी पाण्याची वेळ झाली. सुलू आपल्या उंबऱ्यावर हात पदराखाली लपवून बसली होती. गोजराबाईने नवी बाटली ट्रंकेत घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि शालूला सुलूच्या मांडीवर नेऊन बसवलं.

"नको वयनी, माझ्याकडे नको..."

"चूक माझी व्हती," गोजराबाई म्हणाली. "औषध म्या आल्यावर दीन. पोर तुझ्याकडंच ऱ्हाईल."

आणि पहिल्यांदाच ती घाई न करता विहिरीकडे गेली.