पाठमोरा प्रवेश

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की सिनेमातल्या नायिकेला उत्तम अभिनयाचं पारितोषिक देतात, ते नेमकं कशाचं? तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. नंतर काही दिवस लिहिता येणार नाही, म्हणून आजच लिहिते.

"मी हसतेय, समजून घ्या." भिंगारच्या आमच्या मुलींच्या शाळेतल्या हिंदीच्या बाई बोटांनी डावा गाल वर उचलून असं म्हणत. मी तिथे इंग्रजी शिकवायचे. आमची घरं एकाच भिंतीची.

नव्वदनंतरची ती सुरुवातीची वर्षं. स्नेहसंमेलनाचं नाटक दर वर्षी त्याच बसवत. मुलींना प्रत्येक भूमिका स्वतः करून दाखवत. राणी त्या, मोलकरीण त्या, वेळ आली तर घोडाही त्याच. मग एका थंडीत त्यांच्या तोंडावरून वारं गेलं. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. बाईंनी रजा टाकली आणि दार लावून घेतलं.

शाळेतल्या शिपाई मावशी पारनेरकडच्या. त्या रोज खिडकीतून हाक मारत. "बाई, कवा येताय? पोरी लई मोकाट सुटल्यात. नाटकाचं काय करायचं?"

"या तोंडाने काय दाखवू त्यांना?"

"तोंडाला काय झालंय? आमच्या मालकाचं जल्मापासून तसंच हाय."

बाई बाहेर पडत त्या फक्त रविवारी दुपारी, आमच्याकडे टीव्ही बघायला. तेव्हा पारितोषिक मिळालेले वेगवेगळ्या भाषांतले सिनेमे लागत. खाली इंग्रजीत ओळी येत, त्या मी मराठीत सांगायचे. बाई खुर्ची पार टीव्हीला चिकटवून, आमच्याकडे पाठ करून बसत. एकदा पाणी द्यायला पुढे गेले तर पाहिलं, नायिकेने भुवई उचलली की बाई उचलत होत्या. तिने ओठ मिटले की त्याही मिटत.

"डॉक्टर म्हणाले, आरशासमोर व्यायाम करा," त्या म्हणाल्या. "आरशात मीच दिसते हो. इथे निदान दुसरी कोणी असते."

तुमचे आजोबा कधी चेष्टा करत. "बाई, आज पारितोषिक कोणाला? तिला की तुम्हाला?"

"ती नुसतीच रडतेय. तोंड वाकडं करायला मला शिकवणी कशाला?"

महिने गेले. चेहरा थोडा सुधारला, पुरता नाही. शाळेत नाटक दुसऱ्या कोणाकडे द्यायची बोलणी सुरू झाली. मावशींनी ते खिडकीतून सांगितलं.

त्याच रविवारी एक सिनेमा लागला. नायिकेचा मुलगा परगावी निघून जातो आणि ती दारात उभी राहते. कॅमेरा तिच्या मागे. दिसते फक्त पाठ, आणि चौकटीवरून हळूहळू खाली घसरत येणारा हात. ओळी थांबल्या, मीही थांबले. बाईंनी सवयीने भुवई उचलली होती, ती तशीच राहिली. नक्कल करायला समोर चेहराच नव्हता.

"हिलाच मिळालं पारितोषिक?"

"हो, हिलाच."

"मग पाठीलाही मिळालं म्हणायचं."

त्यांनी खुर्ची वळवली आणि कितीतरी महिन्यांनी त्या आमच्याकडे तोंड करून चहा प्यायल्या. थोडा चहा पदरावर सांडला. तो त्यांनी पुसलाही नाही.

सोमवारी त्या वर्गात गेल्या. नाटक त्यांनीच बसवलं. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही, हा रंगमंचावरचा नियम स्वतःच शिकवलेला, तो स्वतःच मोडला. सासरी निघालेली नायिका शेवटी आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. मागून कोणाची तरी आई ओरडली, "अगं, इकडं तोंड कर की!" मुली फिदीफिदी हसल्या. पाहुण्यांना वाटलं, पोर गोंधळली. मग तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला, आणि हसणं आपोआप थांबलं. बाई पडद्याच्या कडेला, उजेडात उभ्या होत्या. गालाला हात नव्हता.

निवृत्तीनंतर त्या कोल्हारला बहिणीकडे गेल्या. तिथेच वारल्या. त्यांचा एकही फोटो माझ्याकडे नाही, त्या काढूच देत नसत.

शाळेच्या नाटकात एक प्रवेश अजूनही पाठमोरा होतो. का, ते आता तिथल्या कोणालाच ठाऊक नाही.