दोन बटणं एकदम

आईला अर्धांगवायूचा झटका आला, त्यात तिचा डावा हात गेला आणि जीभ जड झाली. डोकं मात्र शाबूत होतं. सरकारी कचेरीत आयुष्यभर टायपिंग केलेली बाई ती. तिचं बोलणं कुणालाच कळेना, तेव्हा आठवड्याभरात तिने खुणेनेच कीबोर्ड मागितला. संधिवाताने आखडलेल्या उजव्या हाताचं एकच बोट धड चालायचं. तिला तेवढं पुरेसं होतं.

नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरात माझा जुना कॉम्प्युटर पडून होता, त्यावर लिनक्स होतं. अडचण एकच आली. मराठी कीबोर्डवर ब साधा उमटतो, पण भ हवा असेल तर शिफ्ट दाबून धरावं लागतं. आ, घ, श, फ, सगळ्यांचं तेच. एका बोटाने दोन बटणं एकदम दाबणार कशी? मी दोन रविवार सेटिंग्जमध्ये डोकं घातलं, तेव्हा कुठे ‘स्टिकी कीज’ सापडलं. शिफ्ट दाबून सोडायचं, मग अक्षर दाबायचं. दोन्हींची जोडणी कॉम्प्युटर करतो. आईने लगेच लिहिलं, ‘जय भीम. भाजीत मीठ कमी आहे.’ मी हसता हसता रडले.

कुठलाही कागद ती ‘जय भीम’नेच सुरू करायची. आणि घरात ‘काहून वं, मले चहा नाही देत?’ म्हणणारी ही बाई टाइप करताना मात्र छापील मराठीच लिहायची. ‘बोली बोलाले असते वं, कागदावर नाही चालत,’ असं तिने मला लहानपणी किती वेळा सुनावलं असेल. पाच महिने आम्ही त्या पडद्यावर बोललो. कडाकडा भांडलोसुद्धा.

मग एका दुपारी मी त्याच कॉम्प्युटरवरून तिच्या हयातीच्या दाखल्याचा फॉर्म छापला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर आलं, ‘जय बीम’. आणि पुढे कुठेतरी ‘ाहे’, ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला नुसता काना. मी मधलं काही वाचलंच नाही. आईच्या हातून ते दोन शब्द चुकणं शक्यच नव्हतं. दुसरा झटका आला तर तो आधी लिहिण्यात दिसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मनाशी निकाल लावून मोकळी झाले.

आणखी तीन दिवस ती लिहीत राहिली. मी पडद्याकडे बघायचं टाळलं. ती एकाच बटणावर बोट आपटायची आणि माझ्याकडे पाहायची. मी तिचा हात धरून म्हणाले, ‘असं नाही करायचं, आई.’ तान्ह्या बाळाला सांगावं तसं. डॉक्टरांना सांगितलं की आता तिला काही कळत नाही. त्यांनी मान हलवली. मी कॉम्प्युटर बंद करून वर चादर टाकली. तिच्यासमोर बसून तिच्याविषयीच बोलायला लागले, जणू ती तिथे नव्हतीच. एकोणीस दिवसांनी ती गेली.

पुढे कॉम्प्युटर कुणाला तरी द्यावा म्हणून तो उघडला. स्टिकी कीज बंद होतं. त्याच्याखाली एका बारीक चौकटीत बरोबरची खूण होती: दोन बटणं एकदम दाबल्यास हे बंद करा. फॉर्म छापताना मी कंट्रोल आणि पी एकदम दाबलं होतं. दोन धड हातांच्या माणसाची सवय. आता समोरच्याला आधाराची गरज उरली नाही, असं कॉम्प्युटर धरून चालला.

मी तिची फाइल काढली. ‘जय बीम. गाबरू नको. सिप्ट बंद ाहे.’ हीच ओळ चार वेळा होती. एकदा जरी वाचली असती तरी मला कळलं असतं. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

त्याखाली तिसऱ्या दिवसाची एकच ओळ होती: ‘मले समजून राहिलं. तू वाचून काहून नाही राहिली’

यात एकही अक्षर चुकलेलं नव्हतं. मी बोट ठेवून ठेवून तपासलं. छापील ‘समजत आहे’ला शिफ्ट लागतं, घरच्या ‘समजून राहिलं’ला लागत नाही. मला वाचता यावं म्हणून आईने शिफ्ट न लागणारे शब्द एकेक करून वेचले होते, आणि त्यासाठी जन्मात पहिल्यांदा घरची बोली कागदावर आणली होती. ती ओळ पडद्यावर असताना मी त्याच खोलीत, तिच्याकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होते.