राणीछाप रुपयाचा रंग

आईच्या डब्यात एकच चांदीचा राणीछाप रुपया उरला होता; बाकीचे माझ्या बी.ए.साठी गेले. तो विकून तिला कवळी करून द्यायची, असं मी ठरवलं आणि आधी नुसता भाव विचारायला तो घेऊन नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो.

रुपयाच्या कडेला निळसर-जांभळी झाक चढली होती. मी ओशाळून म्हणालो, "जरा काळवंडलाय."

"अहो, हाच तर माल! हा रंग आपोआप चढलाय. याचे दुप्पट देतो. उद्या आणा, फक्त पुसू नका."

वाटेत मला ते पटेना. नुसतं पडून राहिल्याचे दुप्पट पैसे? आमच्या शाळेच्या छतालाही असाच रंग चढला होता. त्याला सगळे ओल म्हणायचे. रुपयामागे फार तर चार आणे जास्त द्यावेत.

सकाळी आईने रुपया माझ्या हातावर ठेवला. तो लखलखत होता.

"चिंचेनं घासलाय. परक्याच्या दारी जायचं, तर तोंड धुऊन नको जायला?"

मी कपाळाला हात लावला आणि तिला व्यापाऱ्याचं म्हणणं सांगितलं.

"म्हणजे जुनं झालं की भाव वाढतो?"

"आपोआप झालं तर."

"मग मला नवे दात लावून माझा भाव कशाला पाडतोस रे?" म्हणत ती तोंडभर हसली. तोंडात एकही दात नव्हता.

कवळीचे पैसे मी पगारातून भरणार आहे. रुपया परत डब्यात ठेवलाय. त्याला पुन्हा रंग चढायला बरीच वर्षं लागतील. तोवर आईने चिंचेला हात लावायचा नाही आणि कुठे जायचंही नाही, असं मी तिला बजावलंय.