चौथ्या माणसाचं वजन

वडनेरचे प्रेमदास पंधरा वर्षं हवाईदलात फिटर होते. वडील बापूराव नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्याच्या पुढच्याच वर्षी, सत्तावन्न साली, प्रेमदास भरती झाले आणि बहात्तरला पेन्शन घेऊन परत आले. या पंधरा वर्षांत त्यांनी शेकडो वेळा विमानं तपासली, पुसली, चाकांपुढचे लाकडी ठोकळे ओढले आणि अंगठा वर करून ती रवाना केली. स्वतः मात्र ते एकदाही वर गेले नव्हते.

"इतके वर्स हवाईदलात, अन् हवेत नाई?" असं कोणी विचारलं, की ते म्हणत, "विमान जमिनीवर असते तवाच आपलं काम असते." हे उत्तर त्यांनी इतक्यांदा दिलं होतं, की घरात एखादी सोशीक बायको असती तर तिलाही ते खरं वाटलं असतं. पण त्यांच्या बायकोचं नाव तानाबाई होतं आणि तिला काही खरं वाटत नसे.

हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते मिस्त्री म्हणून लागले. जिनिंगचे मालक हरिदास, म्हणजे सगळ्यांचे हरिभाऊ, पस्तिशीचे होते आणि त्यांना विमानाचं वेड होतं. नागपूरच्या फ्लाइंग क्लबात जाऊन त्यांनी लायसन मिळवलं. एका मित्राबरोबर भागीदारीत चार सीटांचं एक जुनं विमानही घेतलं. ते नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उभं असे. एकोणऐंशीच्या दसऱ्यानंतर, कापसाचा हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे होते तेव्हा, त्यांनी प्रेमदासांना बोलावलं.

"प्रेमदासजी, शनिवार-रविवार एखाद्या मोठ्या शहरात जाऊन येऊ. मी, नलू, आई अन् तुम्ही. सोबत जाणकार माणूस पाहिजेच. कोणत्या विमानतळावर उतरायचं ते तुम्ही ठरवा."

प्रेमदास त्या दिवशी सायकल हातात धरून घरापर्यंत चालत गेले. वर बसायचं सुचलंच नाही. तानाबाईंना त्यांनी हळूच सांगितलं. तानाबाईंनी ते हळूच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी वडनेरहून त्यांचा चुलतभाऊ सहज म्हणून येऊन गेला.

प्रेमदासांनी नकाशा पसरला आणि दोन दिवस मान खाली घालून हिशेब केला. हवाईदलाची सवय होती. अंदाजपंचे काही नाही. अंतर, धावपट्टी, तिथं या विमानाचं पेट्रोल मिळतं की नाही, ढग आले तर परत फिरायला तेल उरतं की नाही. पण सगळ्यात मोठा प्रश्न वजनाचा होता. तेल जास्त तर माणूस कमी, आणि माणूस जास्त तर तेल कमी. हैदराबाद लांब. तिथं जायचं तर तेल भरून माणसं आणि सामान मिळून सव्वादोनशे किलो उचलता येणार होते. भोपाळ जवळ. तिथं दोनशे साठ. हरिभाऊ ब्याऐंशी किलो होते, स्वतः प्रेमदास अठ्ठावन्न. राहिल्या घरातल्या दोघी.

वजनासाठी जिनिंगमधला कापसाचा मोठा काटा होताच. मापारी नत्थूजी त्या दिवसांत रिकामेच बसून असत. पण कौशल्याबाई, हरिभाऊंच्या आई, काट्याचं नाव ऐकूनच उखडल्या.

"मी काय कापसाची गाठ आहो? जित्या माणसाले काट्यावर चढवते का कोनी? अन् तो नत्थू वरून वजन मारन, तो येगळाच!"

"बाई, मी कापसात मारतो म्हणता, ते ठीक," नत्थूजी दुखावून म्हणाले, "पन तुमच्यात काऊन मारीन?"

हरिभाऊंच्या पत्नी नलूवहिनी शिकलेल्या होत्या. दुपारी जिनिंगमध्ये कोणी नसताना त्या आल्या, नत्थूजींना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, स्वतःच काटा वाचला आणि घडी घातलेली चिठ्ठी प्रेमदासांच्या हातात दिली. छप्पन्न. प्रेमदासांनी ती वाचून फाडून टाकली. कौशल्याबाईंचे त्यांनी डोळ्यानंच साठ धरले. चौघांचे मिळून दोनशे छप्पन्न झाले. भोपाळला चौघं जाऊ शकत होते, हातातल्या पिशव्यांसकट. हैदराबादला चौघं जाऊ शकत नव्हते.

"भोपाळ," त्यांनी हरिभाऊंना सांगितलं. "दीड तासाचा रस्ता. मोठा तलाव आहे, शहर चांगलं आहे."

कौशल्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूपही खाली ठेवलं नाही.

"भोपाळले कोन आहे आपलं?"

"आई, हॉटेलात राहायचं आहे."

"हाटेलात? आपलं मानूस नाई त्या गावी काऊन जायाचं? काई झालं त कोनाच्या दारी जाशीन? हैदराबादले माही बहीण आहे, अनुसया. बोलारमले घर आहे तिचं. तिथं उतरा."

आणि मग सुरू झालं. अनुसयाबाईंच्या घरापासून हकीमपेठचं विमानतळ जवळ, हे कौशल्याबाईंना पक्कं ठाऊक होतं. गच्चीवरून विमानं दिसतात. मग तिथं न उतरता हा प्रेमदास लांबच्या बेगमपेठ विमानतळाचं नाव काऊन घेते?

"बाई, हकीमपेठ हवाईदलाचं आहे. तिथं आपल्याले उतरू देत नाई."

"तू होता ना तिथं?"

"तीन वर्स होतो."

"मंग वळख नाई निघत का तुही? तीन वर्सांत एक मानूस नाई जोडला?"

प्रेमदासांनी डोळे मिटून घेतले. बंदूकधारी पहारेकरी, फौजेची धावपट्टी आणि त्यावर ओळख काढून उतरलेल्या कौशल्याबाई त्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. त्यांनी तीनदा समजावलं. चौथ्यांदा बाई म्हणाल्या, "बरं, नसन वळख त नसन. लाजाचं काई नाई." म्हणजे प्रेमदास वशिल्यात कमी, एवढाच त्यांचा समज झाला.

हरिभाऊंनी त्यांना बाजूला घेतलं. आई ऐकणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

"प्रेमदासजी, खरं सांगा. हैदराबाद जमते का?"

हा प्रश्न येणार हे प्रेमदासांना माहीत होतं. नाही जमत, एवढं म्हटलं की झालं. तेल, वारा, ढग, काहीही सांगता आलं असतं आणि हरिभाऊंनी डोळे झाकून मानलं असतं. भोपाळ, चौथी सीट, खिडकी. तानाबाईंनी त्यांचा पांढरा सदरा धुऊन, नीळ देऊन ठेवलाही होता.

"जमते," ते म्हणाले. "तीन मानसांत जमते. चार नाई."

"मी विचार करतो," हरिभाऊ म्हणाले. पण विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

तेवढ्यावरच थांबलं असतं. पण शुक्रवारी सकाळी ओसरीवर सामान आलं. कपड्यांच्या दोन पेट्या ठरल्याप्रमाणे होत्या. त्यांच्या शेजारी लोणच्याची चिनीमातीची बरणी, पायलीभर तुरीची डाळ आणि वाळवलेल्या गव्हाच्या सरगुंड्यांचा डबा. प्रेमदासांनी ते काट्यावर ठेवलं. वीस किलो भरले. पेट्या धरून हिशेबात सातच उरत होते.

"हे नाई जमत, बाई."

"बहिणीच्या घरी हात हालवत जाऊ?"

"इमान उडणार नाई."

"एवढा मोठा तो लोखंडाचा रेडा, त्याले लोणचं जड होते?"

शेवटी असं ठरलं, की बरणी, डाळ आणि डबा रेल्वेनं पुढे जातील. आणि या सामानासोबत कोणीतरी पाहिजे. बरणी फुटता कामा नये. शिवाय बेगमपेठला विमान उतरताना हजर असणारा जाणकार माणूस पाहिजे.

घरी हे सांगितल्यावर तानाबाईंनी पांढरा सदरा आणून त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाल्या, "लोणच्यापेक्षाही खालचे झाले तुमी. त्याले निदान सांभाळाले मानूस आहे."

पांढरा सदरा घालून, मांडीत बरणी घेऊन प्रेमदास हैदराबादला रेल्वेनं गेले. विमानतळ त्यांनी निवडलेलं, वेळ त्यांनी काढलेली, तेल त्यांनी मोजलेलं. शनिवारी अकराला दहा कमी असताना ते विमान उत्तरेकडून दिसलं, खाली आलं आणि हलकेच टेकलं. त्यांचा अंगठा आपोआप वर गेला.

कौशल्याबाई उतरल्या त्या काहीच न बोलता. अनुसयाबाईंच्या घरी चहाचे दोन कप झाल्यावर त्यांना वाचा फुटली.

"वाटेत एक टेसन नाई. चहावाला नाई. उतरावं म्हटलं त उतरता येत नाई. अडीच घंटे मानसानं जीव मुठीत धरून बसाचं, अन् बाजूले बोलाले कोनी नाई. पोरगा म्हनते, बोलू नको. मी काई परत बसत नाई त्याच्यात. मी रेल्वेनं जातो."

प्रेमदास दारात बसले होते. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. परतीच्या विमानात चौथीच नव्हे, आता तिसरी सीटही रिकामी झाली होती. हरिभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी हरिभाऊंकडे. दोघांच्याही मनात एकच गोष्ट आली, आणि ती पुरती उमलायच्या आत बाई म्हणाल्या, "प्रेमदास आहेच सोबतीले."

रविवारी विमान गेलं, तेव्हा ते बाईंसोबत सिकंदराबादच्या फलाटावर होते. अनुसयाबाईंनी परतभेट म्हणून दिलेली बरणी त्यांच्या मांडीवर होती. आंध्राचं आवळ्याचं लोणचं.

काझीपेठ गेल्यावर बाईंनी शिदोरी सोडली, दोन पोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "आकाशात एवढं का पाहून राह्यला?"

"काई नाई."

"इमानात बसाचं होतं का तुले?"

प्रेमदासांनी पोळीचा तुकडा मोडला. "पंधरा वर्सं वर पाठवले, बाई. एकडाव पाहाचं होतं."

"मंग बोलला काऊन नाई? भोपाळ भोपाळ करत होता, ते यासाठी? तोंड नाई का तुले?"

"तुमची बहीण हैदराबादले आहे," ते म्हणाले. "अन् हैदराबाद जमत होतं. खोटं कसं सांगाचं?"

बाई बल्लारशापर्यंत चिडलेल्या होत्या. कोणावर, ते त्यांनी सांगितलं नाही. मधूनच "लाकूड आहे, लाकूड" असं पुटपुटत होत्या.

पुढच्या बुधवारी सकाळी जिनिंगमध्ये आठ-दहा हमाल बसले होते. नत्थूजी काट्याला तेल देत होते. कौशल्याबाई डोक्यावर पदर घेऊन सरळ आत आल्या आणि कोणाला काही कळायच्या आत काट्यावर चढल्या. वर मांडी घालून बसल्या.

"सांग रे नत्थू. अन् खरं सांग."

नत्थूजींनी काटा दोनदा वाचला. "एकसष्ट, बाई."

"हरी! ये इकडे." हरिभाऊ कचेरीतून धावत आले. "माह्या जागी याले बसव. या शनिवारी. भोपाळले न्या, कुठंही न्या. हा किती भरते?"

"अठ्ठावन्न," प्रेमदास म्हणाले. त्यांचे हात ग्रीसनं भरलेले होते. ते त्यांनी उगाच पुसायला घेतले.

"मंग तीन किलो माहे उरले." बाई काट्यावरून उतरल्या. "आपल्या जिनिंगच्या दिवानजीच्या सुनेची मावशी आहे भोपाळले, कालच शोधून काढली. तीन किलो लोणचं धाडतो तिच्यासाठी. बरणीसकट तीन, नत्थू, मोजून दे."

प्रेमदासांनी मनातल्या मनात हिशेब केला. हरिभाऊ ब्याऐंशी, वहिनी छप्पन्न, ते स्वतः अठ्ठावन्न, बरणी तीन. दोनशे साठला पुष्कळ जागा होती. पण हे बाईंना सांगितलं तर डाळ आली असती, म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा हिशेबाबद्दल काहीच बोलले नाहीत.